दिवसभराचे फोटो, संध्याकाळचा टॅबलेट

मागच्या भागात ओरछ्याच्या छत्र्यांचे फोटो दाखवले, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने येतोय. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, हे विचारणारे थोडे. बहुतेकांचं म्हणणं असं, की दहा-दहा दिवस बाहेर असता, रोज दोनशे-तीनशे फोटो काढता, ते प्रवासात सांभाळता कसे? लॅपटॉप घेऊन हिंडता का?

लॅपटॉप नाही. हा टॅबलेट. अकरा इंची पडदा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि मोबाइलच्याच पॉवर बँकेवर चार्ज होतो. सोबत हा बोटाएवढा कार्ड रीडर आणि ही काडेपेटीहून थोडी मोठी एसएसडी. बस्स, एवढाच संसार. आजचा भाग या तीन वस्तूंवर आहे. पण त्या कशाला लागतात ते सांगायला मला टहरौलीतल्या एका घराबद्दल बोलावं लागेल, म्हणून आधी गावाची ओळख करून देतो.

टहरौली हे उत्तर प्रदेशात, झाशी जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. झाशीहून पूर्वेकडे, रस्त्याने दोनेक तास. गावात जुना किल्ला आहे, भोवती गहू, मोहरी, हरभरा. गुरसराय इथून जवळच. गोविंदपंत बुंदेले, म्हणजे मूळचे खेर, त्यांच्या घराण्याची ती जहागीर. सागर, जालौन, गुरसराय, झाशी या सगळ्या पट्ट्यात अठराव्या शतकापासून मराठी माणसं येऊन राहिली. आपल्याकडचा प्रवासी झाशीचा किल्ला बघतो, राणीमहाल बघतो, १८४२ साली लक्ष्मीबाईंचं लग्न जिथे लागलं ते गणेशमंदिर बघतो आणि संध्याकाळची गाडी पकडतो. टहरौलीला कुणी येत नाही. मी आलो, कारण माझ्या जुन्या पलटणीतले एक सुभेदारसाहेब इथले. त्यांच्याकडे आठ दिवस मुक्काम आहे, आणि हे रेकॉर्डिंग त्यांच्याच माडीवरच्या खोलीत चाललंय. मधेच ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या.

आता मुद्द्यावर येतो. फोटो काढला की तो एका कार्डावर असतो. नखाएवढं प्लॅस्टिक. काही महागड्या कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि एकाच वेळी दोन्हींवर फोटो लिहिला जातो, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात एकच खाच असते. ते कार्ड बिघडलं, हरवलं, किंवा कॅमेऱ्यासकट चोरीला गेलं, की सगळं गेलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका बाईंची बॅग एका स्टेशनवर गेली. कॅमेऱ्याचे पैसे विम्यातून आले. सासूबाईंना शेवटचं काशीला नेलं होतं, ते फोटो कोण देणार?

म्हणून रोज संध्याकाळी प्रत काढायची. रोज म्हणजे रोज. दमलोय, उद्या करू, हे चालत नाही. बबिन्याच्या फायरिंग रेंजवर गोळीबार संपला की आम्ही रिकाम्या पुंगळ्या मोजून घ्यायचो. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत. एक कमी भरली तर अंधार पडला तरी अख्खी कंपनी गवत चाचपत बसायची. नव्या पोरांना ते खुळेपणाचं वाटायचं. पण मोजणी त्याच ठिकाणी, त्याच दिवशी झाली तरच तिला अर्थ असतो. दुसऱ्या दिवशी कमी भरलं, तर शोधणार कुठे? माझी संध्याकाळ त्याच शिस्तीची आहे. हातपाय धुतले, चहा झाला, की कार्ड बाहेर.

कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की त्याच्या कडेला जी बारीक कळ असते ती 'लॉक'वर सरकवायची. त्यामुळे कार्डावरचं वाचता येतं, पण पुसता येत नाही आणि नवं काही लिहिताही येत नाही. टॅबलेटमध्ये फोटो उतरले की तो अगदी अदबीने विचारतो, कार्डावरचे आता काढून टाकू का? कळ सरकवलेली असली, की चुकून 'हो'वर बोट पडलं तरी बिघडत नाही. सकाळी कार्ड परत कॅमेऱ्यात घालताना कळ मागे सरकवायची, नाहीतर कॅमेरा फोटोच घेत नाही. तो तसं सांगतोही, पण नेमकं मोर समोर नाचत असताना सांगतो!

मग प्रत. आधी कार्डावरून टॅबलेटमध्ये, नंतर टॅबलेटमधून एसएसडीवर. आयपॅडवर २०१९ साली आयपॅडओएस १३ आलं, तेव्हापासून 'फाइल्स' या ॲपमधून कार्ड, पेनड्राइव्ह, डिस्क थेट उघडता येते. अँड्रॉइडवर त्याला ओटीजी म्हणतात आणि ते त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. जुनी, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क मात्र बऱ्याच टॅबलेटना ओढवत नाही, तेवढी वीज ते देऊ शकत नाहीत. म्हणून एसएसडी. आणखी एक. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं 'एक्सफॅट' नावाच्या पद्धतीने तयार केलेली येतात. काही स्वस्त अँड्रॉइड टॅबलेट ती वाचत नाहीत. उलट विंडोजच्या 'एनटीएफएस' पद्धतीच्या डिस्कवरचं आयपॅड वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. हे शब्द लक्षात ठेवायची गरज नाही. घरून निघण्याआधी तुमचं कार्ड, तुमचा टॅबलेट आणि तुमची डिस्क एकमेकांना जोडून दहा फोटो इकडून तिकडे करून बघा. रेल्वेच्या डब्यात तो प्रयोग करायचा नसतो.

फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. असं केलं की ती आपोआप क्रमाने लागतात. आणि रोजचा फोल्डर वेगळा. याला एक खास कारण आहे. कॅमेरा फोटोंना चार आकडी क्रमांक देतो, ०००१ ते ९९९९. त्यापुढे परत ०००१. काही कॅमेरे तर रिकामं कार्ड घातलं की दरवेळी एकपासून सुरुवात करतात, तशी सेटिंग असते. म्हणजे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो तुमच्याकडे असू शकतात. दोन्ही एकाच फोल्डरात टाकायला गेलात, की टॅबलेट विचारतो, आधीचा बदलू का? आणि घाईत आपण 'हो' म्हणतो.

प्रत झाली की मोजणी. कार्डावर ४२४ फाइली, टॅबलेटवर ४२४, एसएसडीवर ४२४. मग तिन्ही ठिकाणची एकूण जीबी. आकडे जुळले तरी काम संपलेलं नाही. पहिला फोटो उघडायचा, शेवटचा उघडायचा, मधले चार-पाच उघडायचे, आणि नुसते उघडायचे नाहीत, बोटांनी मोठे करून बघायचे. कधीकधी फाइल असते, नाव असतं, छोटं चित्रही दिसतं, पण उघडली की खालचा अर्धा भाग राखाडी. प्रत अर्धवट झालेली असते. म्हणून मी मोजणीवर थांबत नाही. न उघडलेली प्रत मी प्रत धरतच नाही.

टॅबलेट आणि एसएसडी एकाच पिशवीत ठेवू नका, हे सांगायला लागू नये, पण सांगतो. एसएसडी माझ्या अंगातल्या जाकिटात असते, टॅबलेट बॅगेत, कार्ड कॅमेऱ्यात किंवा पाकिटात. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच न्यायची, सामानात टाकायची नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची भरते आणि विमानातली नेहमीची मर्यादा १०० ची, त्यामुळे ती चालते.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने एक नियम सांगितला, तो आता जगभर वापरतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. तिसऱ्या भागाशी खेड्यात आपली गाठ पडते. दुसरी जागा म्हणजे आजकाल क्लाउड. हिशेब करू. दिवसाचे आठ जीबी फोटो. इथे माडीवर अपलोडचा वेग मिळतो दोन एमबीपीएस, तोही वारा बरा असेल तर. आठ जीबी म्हणजे ६४,००० मेगाबिट. भागिले दोन, ३२,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ नऊ तास. तेवढा वेळ वीजही राहायला हवी आणि डेटाही. शिवाय गूगल फोटोजवरची ती 'हवे तेवढे फुकट'ची सोय १ जून २०२१ ला संपली. आता सगळं मिळून १५ जीबी फुकट, म्हणजे माझे दोन दिवस. तेव्हा प्रवासात क्लाउडच्या भरवशावर राहू नका. मी दिवसातले दहा-बारा महत्त्वाचे फोटो तेवढे वर पाठवतो. बाकीचं घरी गेल्यावर.

आणि एक गैरसमज काढून टाकतो. फोटो फोनवर, टॅबलेटवर आणि क्लाउडवर 'सिंक' होतात, म्हणजे तीन प्रती झाल्या, असं पुष्कळांना वाटतं. सिंकमध्ये एका जागी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. ते एकाच वस्तूचे तीन आरसे झाले.

इथपर्यंत सांभाळण्याचं झालं. एवढ्यासाठीच टॅबलेट घ्यायचा असता तर मी घ्या म्हटलं नसतं. नुसती प्रत काढायला स्वस्त उपाय आहेत. दोन-तीन जास्तीची कार्डं घ्या, दौऱ्यात एकही पुसू नका, निम्मं काम झालं. टॅबलेटचा खरा उपयोग बघण्याचा आहे. फोटो जिथे काढले तिथून निघायच्या आत ते मोठे करून बघणं. माझं मत विचाराल तर सांभाळण्यापेक्षा हे मोठं. आणि आता त्या घराबद्दल सांगतो.

सुभेदारसाहेबांच्या घरापासून चार घरं पलीकडे एक निवृत्त मास्तर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. इथे वडीलधाऱ्यांना 'कक्का' म्हणतात, मीही कक्काच म्हणतो. त्यांच्या घरी लाल कापडात बांधलेला एक बस्ता आहे. आपल्या पेशवे दप्तरात कागदांच्या अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात, तसाच. आत हिशेबाच्या तीन लांबट वह्या, बऱ्याच सुट्या पावत्या, एक वंशावळ. कुणी राजे-रजवाडे नव्हेत. शेती आणि थोडी सावकारी करणारं घर. पण होळी झाली की त्यांचं जुनं घर पाडून पक्कं बांधायचं ठरलंय आणि दोघा भावांच्या वाटण्याही तेव्हाच होणार आहेत. बस्ता धाकट्यांकडे जाईल. ते दूर दुसऱ्या राज्यात असतात. आणि धाकट्यांना त्यात रस नाही, असं कक्काच म्हणाले. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात.

मला कक्कांनी एक दिवस दिला. अंगणात खाटेवर पांढरी चादर, कडेच्या सावलीतला एकसारखा उजेड, आणि पान न् पान. फ्लॅश नाही. दिवसभरात २१२ फोटो झाले. प्रत्येक फोटो मी दोन रूपांत घेतो, एक कच्चं रूप, ज्याला रॉ म्हणतात, आणि एक जेपेग. म्हणून ४२४ फाइली. रॉ पुढे हव्या तशा सुधारायला. जेपेग टॅबलेटवर पटकन आणि पूर्ण बारकाईने बघायला, कारण बरीच ॲप्स रॉ उघडताना आधी त्याच्या पोटातलं छोटं चित्रच दाखवतात आणि मग धारदार फोटोही पुसट वाटतो.

संध्याकाळी प्रत काढली, मोजली, आणि टॅबलेट घेऊन कक्कांकडेच गेलो. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा तीन इंचाचा. त्यावर त्यांना काही दिसण्यातला प्रश्नच नव्हता. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि वह्यांतली अक्षरं मुंगीएवढी. कक्कांनी मला स्पष्ट सांगितलं, की गेली पंधरा वर्षं त्यांनी हा बस्ता उघडला असेल, वाचलेला नाही. वाचताच येत नव्हता.

टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. दोन बोटं कशी फाकवायची ते त्यांच्या नातीने दाखवलं. अक्षर तीळाएवढं, मग बोराएवढं, मग पडदाभर. कक्का बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "जे तो हमाए बब्बा के हाथ को लिखो आय." आमच्या आजोबांच्या हातचं आहे हे. त्यानंतर पुढचे दोन तास तो टॅबलेट माझा नव्हता. ते मोठ्याने वाचत होते. इतके मण गहू, इतकं तेल, अमक्याच्या मुलीच्या लग्नाला इतके रुपये उसने. सूनबाई पोळ्या टाकता टाकता ऐकत होत्या. मधेच वीज गेली. टॅबलेट चालूच. अंधारात त्या उजेडात सगळे कक्कांच्या भोवती गोळा होऊन बसले.

संवत १९६१ च्या वहीत, म्हणजे इसवी सन १९०४च्या सुमारास, ते एका जागी अडले. मागे गेले, पुढे आले. परत मागे. "असाढ़ है, सावन है, फिर कुंवार... भादों कहाँ गओ?" श्रावणानंतर एकदम आश्विन. भाद्रपद कुठे गेला?

मी फोटोंचे क्रमांक बघितले. एकही सुटला नव्हता, क्रम सलग होता. मग तो फोटो पडदाभर मोठा केला आणि पानाच्या कडेला एकाऐवजी दोन बारीक रेषा दिसल्या. ओलीने दोन पानं एकमेकांना अशी चिकटली होती, की बोटाला जाड लागत नव्हती आणि उघड्या डोळ्यांना वेगळी दिसत नव्हती. सकाळी ऊन वर आल्यावर कक्कांनी स्टीलची पातळ फूटपट्टी घेऊन स्वतःच ती सोडवली. हे काम घरच्या माणसाने करावं, पाहुण्याने करू नये. आणि सहज सुटत नसेल तर ओढू नये, कागद जपणाऱ्या जाणकाराकडे न्यावं. इथे सुटली. आत भाद्रपदाचा हिशेब होता आणि त्यात एक घडी घातलेला, वहीहून जुना दिसणारा कागद. मोडीत लिहिलेला.

मला मोडी वाचता येत नाही, पण मोडी आहे एवढं ओळखता येतं. कक्का म्हणाले, "जे दक्खिनी आय." हओ कक्का, म्हटलं, दख्खनीच.

आता विचार करा. हेच फोटो मी पुण्याला जाऊन, मोठ्या संगणकावर, निवांत बघितले असते तर? भाद्रपद नाही हे मला कळलंच नसतं, कारण कुठल्या महिन्यानंतर काय यायला हवं याकडे मी बघणारच नव्हतो. बघणारे डोळे टहरौलीत होते. आणि समजा कळलं असतं, तरी तोवर होळी होऊन गेली असती.

या भागात हिंडताना मला नेहमी एक मराठी पुस्तक आठवतं. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत आले, वेढ्याच्या वेळी झाशीत होते, शहर पडताना त्यांनी बघितलं. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली तेही त्यांनी लिहून ठेवलंय. घरी परतल्यावर कितीतरी वर्षांनी, १८८३ साली, आठवणीतून त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. तो १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला, पण छापताना भाषेत आणि मजकुरात फेरफार केले. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तेच वाचलं. मूळ हस्तलिखित मात्र पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेलं होतं, म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मूळ बरहुकूम आवृत्ती काढता आली आणि गोडसे भटजींचे खरे शब्द आपल्याला मिळाले. मूळ कुणी रद्दीत घातलं असतं तर वैद्यांची सुधारलेली प्रत हेच सत्य होऊन बसलं असतं.

माझ्या टॅबलेटवर मी हाच नियम पाळतो. फोटो उजळ करणं, कडा कापणं, रंग बदलणं, हे सगळं वेगळ्या प्रतीवर. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. आणि दौऱ्यात एकही फोटो काढून टाकायचा नाही, हललेला असला तरी. आवडलेल्यांना तारा द्या, फार तर. रात्री दहा वाजता, दमलेल्या डोळ्यांनी, हा नको तो नको करायला बसू नका. त्या दिवशी एका पानाचे मी तीन-तीन फोटो घेतले होते. जो सगळ्यांत फिका वाटला, त्यातच त्या दोन रेषा सर्वांत स्पष्ट दिसल्या.

बघताना टॅबलेटच्या पडद्यालाही फार भुलू नका. अंधाऱ्या खोलीत प्रखर केलेला पडदा प्रत्येक फोटो उजळ दाखवतो आणि आपल्याला वाटतं उद्या थोडा कमी उजेड चालेल. पडद्याचा प्रखरपणा मध्यावर आणा. रात्री पडदा आपोआप पिवळसर होतो ती सोय तेवढ्यापुरती बंद करा. आणि शंका आली तर उजेडाचा आलेख, हिस्टोग्राम, तो बघा. तो खोलीच्या अंधारावर अवलंबून नसतो.

लाला दीनदयाळांनी १८८२ साली याच मध्य भारतात सर लेपेल ग्रिफिनबरोबर हिंडून फोटो काढले. काचेच्या जड तावदानांवर. एक तावदान हातातून निसटलं की तो फोटो जगातून गेला. त्यांच्या काढलेल्या असंख्य काचांपैकी २,८५७ आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्यांचा हा सर्वांत मोठा उरलेला साठा. आपल्याकडे अर्ध्या किलोत हजारो फोटो मावतात, आणि आपण मोजायचा कंटाळा करतो.

असो. कक्कांच्या फोटोंचं पुढे काय झालं ते सांगतो. नातीला मी पेनड्राइव्हवर सगळी ४२४ आणि दुसऱ्या दिवशीच्या सहा जास्तीच्या फाइली दिल्या. एक प्रत धाकट्या भावांकडे जाईल, रस असो नसो. पण कक्का पेनड्राइव्हवर खूश नव्हते. त्यांनी विचारलं, वीज नसताना हे कसं वाचायचं? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही गुरसरायला जाऊन एका स्टुडिओत भाद्रपदाचं पान, वंशावळ आणि आणखी आठ पानं मोठी करून कागदावर छापून आणली. अक्षर बोराएवढं ठेवा, असं कक्कांनी निक्षून सांगितलं होतं. ती आता त्याच लाल कापडात बांधलेली आहेत. तुम्हाला मी पडद्यावर दोनच पानं दाखवतोय, कारण परवानगी दोनाचीच आहे. कुणाच्या लग्नाला कुणी किती उसने घेतले, हे त्या घराचं आहे.

मोडीतला कागद पुण्याला एका ओळखीच्या मोडी वाचकांना पाठवला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, त्याचा तपशील जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा पोचतो. पहिल्या प्रयत्नात त्यांनी दोन ओळी लावल्या. बैलांच्या जोडीची पावती आहे, आणि एक बैल तांबडा, एवढं कळलंय. गावाचं नाव कागदाच्या घडीत गेलं आहे. त्या घडीवर आडवा उजेड टाकून उद्या सकाळी निघण्याआधी आणखी दोन फोटो घेणार आहे. कक्कांनी सात वाजता बोलावलंय, चहा तिथेच. पुढच्या भागात नाव लागलं असेल तर सांगेन. नमस्कार.